घरबसल्या काउबॉय

या अभ्यासक्रमाला वयाची, वजनाची किंवा गणितातल्या गुणांची अट नाही. अट एकच आहे. ‘काउबॉय’ या शब्दाचा मराठी अर्थ घरात कोणाला सांगायचा नाही.

सांगितलात की संपलं. आमच्याकडे सहामाहीचा निकाल लागला की वडील वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणायचे, ‘जा, गुरं राख.’ ज्या पदावर मला वर्षातून दोनदा अशी थेट नेमणूक मिळत होती, त्याच पदावर अमेरिकेत सिनेमे निघतात, सिगारेटी खपतात आणि फुटबॉलच्या संघांची नावं ठेवली जातात, हे कळेपर्यंत मी बँकेत चिकटलो होतो.

तर काम गुराख्याचंच. फरक इतकाच की आपला गुराखी सकाळी गुरं नेतो आणि दिवेलागणीला परत आणतो. त्यांचा दोन-अडीच महिने नेतच राहतो आणि गुरं परत येत नाहीत. ती आगगाडीत चढून शिकागोला जातात आणि तिथून ताटात.

अभ्यासक्रमाच्या दोन शाखा आहेत : गुरं शाखा आणि टोपी शाखा. दहातले नऊ विद्यार्थी टोपी शाखेसाठी येतात. म्हणून आम्ही गुरं शाखा आधी शिकवतो. नंतर ठेवली तर वर्गात कोणी उरत नाही.

धडा पहिला : साल निवडणे

कोणत्या साली काउबॉय व्हायचं, ते आधी ठरवा. १८६७ उत्तम. यादवी युद्ध संपून दोन वर्षं झाली आहेत. टेक्ससमध्ये लांब शिंगांची, अर्धवट रानटी झालेली गुरं लाखांनी मोकाट हिंडताहेत आणि गिऱ्हाईक नाही. तिथे चार डॉलरला पडून असलेलं जनावर उत्तरेत चाळीसला जातं, असा तेव्हाचा हिशेब. अडचण मधल्या अंतराची. जोसेफ मकॉय नावाच्या इलिनॉयच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या ॲबिलीन या खेड्यात रुळांशेजारी मोठमोठे कोंडवाडे बांधले आणि टेक्ससला निरोप धाडला : इथपर्यंत आणा, पुढचं आम्ही बघतो. हे ‘इथपर्यंत आणा’ ज्याच्या गळ्यात पडलं तो काउबॉय.

उशीर मात्र करू नका. १८७४मध्ये जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळतं आणि मोकळं माळरान वाटण्या झालेल्या भावकीसारखं दिसू लागतं. टेक्ससच्या गुरांबरोबर गोचीडताप येतो म्हणून कॅन्सस दारं लावून घेतं. तोवर रेल्वेच टेक्ससात पोचलेली असते. उरलेलं काम १८८६-८७चा हिवाळा करतो. उत्तरेच्या कुरणांवर बर्फाखाली गवत गाडलं जातं आणि गुरं कळपाकळपाने मरतात. डाकोटात हौसेने गुरं पाळणाऱ्या एका न्यूयॉर्कच्या तरुणाचं त्यात फार नुकसान झालं. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. थिओडोर रूझवेल्ट त्यांचं नाव. एकूण खेळ वीस-बावीस वर्षांचा. एवढ्या वेळात आपल्याकडे बांधावरचा एक दावा निकालात निघत नाही.

धडा दुसरा : भाषा

काउबॉयचं इंग्रजी शिकायला इंग्रजी लागत नाही. लॅसो, रँच, रोडिओ, मस्टँग, ब्रॉन्को, पायांवर चढवायचे ते चामड्याचे ‘चॅप्स’, सगळं स्पॅनिशमधून आलेलं. कारण हे काम तिथे मेक्सिकोचे वाकेरो पिढ्यान्‌पिढ्या करत होते. ‘वाका’ म्हणजे गाय. वाकेरो म्हणता येईना म्हणून गोऱ्यांनी बकारू केलं. आपण हसू नये. पाव, बटाटा, चावी आणि खुद्द पगार हे शब्द आपल्याला स्पॅनिशांच्याच शेजाऱ्यांनी, पोर्तुगिजांनी दिले आहेत. जेत्याला काम येत नसेल तर तो कामाबरोबर शब्दही उचलतो, इतकंच.

इथेच चेहऱ्याचंही बघून घेऊ. पडद्यावरचा काउबॉय गोरा असतो. गुरांमागच्या वाटेवर चारांतला एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि मेक्सिकन वेगळे. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅट लव्हने १९०७मध्ये स्वतःच्या काउबॉयगिरीचं आत्मचरित्र छापलं. त्यात थापाही भरपूर आहेत, म्हणजे तो अस्सल काउबॉय होता. टेक्ससचा बिल पिकेट धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायचा, त्याची शिंगं पिरगाळायचा आणि त्याच्या ओठाला स्वतःच्या दातांनी चावून त्याला लोळवायचा. रोडिओतला एक आख्खा खेळ यातून निघाला. चावा मात्र नियमांतून गाळला आहे. विद्यार्थ्यांनी घरी सराव करू नये. बैल मिळाला तरी करू नये.

धडा तिसरा : सामान

टोपी. तिला स्टेटसन म्हणतात. जॉन स्टेटसन हे टोपीवाल्याचे चिरंजीव. १८६५मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात कारखाना काढला. फिलाडेल्फिया पूर्व किनाऱ्याजवळ आहे आणि तिथे गुरं नाहीत, हे लक्षात ठेवा. हे गाव पुढे पुन्हा येणार आहे. टोपी ऊन अडवते, पाऊस अडवते, शेकोटीला वारा घालते आणि वेळेला घोड्यासमोर पाण्याचं घमेलं होते. ह्यूस्टनच्या भाच्याने मला एक आणून दिली. पुण्यात ती हेल्मेटवर बसत नाही आणि हेल्मेटखालीही बसत नाही. सध्या तिच्यात कांदे ठेवतो.

बूट. टोकदार, कारण पाय रिकिबीत चटकन सरकावा. टाच उंच, कारण पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये; गेला आणि घोडा उधळला तर स्वार फरफटत जातो. हे बूट चालण्यासाठी नाहीतच. पायी चालावं लागणं हा काउबॉयच्या लेखी अपमान, आणि पन्नास पावलं घालून पाहिलीत तर तुम्हालाही पटेल.

घोडा. विकत घेऊ नका. घोडे मालकाचे असतात. माणशी सात-आठ, आणि एक थकला की दुसरा. खोगीर मात्र स्वतःचं, आणि ते बऱ्याचदा घोड्यापेक्षा महाग. ‘खोगीरभरती’ या शब्दाला इतका मान दुसऱ्या कुठल्या देशात मिळाला असेल असं वाटत नाही.

पिस्तूल. हा सगळ्यांच्या आवडीचा भाग, म्हणून लवकर उरकतो. पिस्तूल जड असतं, दिवसभर मांडीवर आदळतं, आणि गुरांच्या बाजाराच्या गावात शिरताना ते जमा करावं लागे. डॉज सिटीच्या वेशीवर तशी पाटीच होती. देवळाबाहेर आपण चपला सोडतो तसं. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधल्या अशा पाच गावांतले १८७० ते १८८५ दरम्यानचे खून मोजले : पंचेचाळीस. पाच गावं, पंधरा वर्षांहून जास्त काळ. सिनेमात एवढी माणसं मध्यंतराच्या आत पडतात.

धडा चौथा ते आठवा : धूळ

अडीच हजार गुरं. दहा-बारा माणसं. दिवसाला दहा ते पंधरा मैल, त्याहून जास्त नाही; घाई केली तर जनावरांचं वजन उतरतं आणि पैसे वजनाचे मिळतात. अनुभवी दोघे आघाडीला. त्यांच्या मागे कळपाच्या दोन्ही अंगांनी बाकीचे. आणि शेपटीला, जिथे लंगडी, आजारी, आळशी आणि नुकती जन्मलेली जनावरं रेंगाळतात तिथे, नवशिका. म्हणजे आपण.

अडीच हजार जनावरांच्या दहा हजार खुरांनी उडवलेली सगळी धूळ शेपटीला मिळते. रुमाल नाकावर बांधायचा. दरोडेखोर दिसण्यासाठी नाही. पहिल्या दिवशी पापण्या दिसेनाशा होतात, तिसऱ्या दिवशी बोलणं बंद होतं. हे पाच धडे याचेच आहेत. दोन महिने रोज उजळणी.

रात्री पाळी. दोन-दोन तासांची, दोघेजण कळपाभोवती उलट दिशांनी फिरतात आणि गातात. होय, गातात. बसलेल्या गुरांना अंधारात अचानक घोडा दिसला तर ती दचकून उठतात आणि एक उठलं की अडीच हजार उधळतात. वीज चमकली, तवा पडला, कोणी काडी ओढली, एवढंही पुरतं. म्हणून गाऊन आपण इथे आहोत, आपणच आहोत, हे त्यांना कळवत राहायचं. भजनं, लावण्यांसारखी फक्कड गाणी, घरच्या आठवणीची रडगाणी, काहीही चालतं. आवाजाची अट नाही. माझ्या माहितीतला हा एकमेव श्रोतृवर्ग आहे ज्याने गायक बंद पडला म्हणून दंगल केली.

धडा नववा : महाराज

कळपाच्या मुकादमाला घाबरा, नदीला घाबरा, पण सगळ्यांत जास्त स्वयंपाक्याला घाबरा.

१८६६मध्ये चार्ल्स गुडनाइट या टेक्ससच्या गुरंवाल्याने लष्कराची जुनी गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला खणाखणांचं कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली पाडलं की त्याचाच पोळपाट. एका बाजूला पाण्याचं पिंप, पोटाखाली वाळकं शेण आणि सरपण अडकवायला कातड्याची झोळी. माळावर झाड नसतं, चूल गोवऱ्यांवर. त्या वेचताना काउबॉय फार रुबाबदार दिसत नसत. ही चकवॅगन. म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर, दवाखाना, न्हाव्याचं दुकान आणि न्यायालय, आणि सगळीकडे बसलेला एकच माणूस. त्याला पगार काउबॉयपेक्षा जास्त.

त्याचे नियम पाठ करा. गाडीजवळ घोडा दौडवायचा नाही. जेवणात माती जाते. वाऱ्याच्या बाजूने यायचं नाही. त्याच्या फळीवर ताट ठेवायचं नाही. कॉफी ओतायला उठलात आणि कोणी ओरडलं, तर सगळ्यांना ओतायची. मागे थोडं उरलं आहे म्हणून शेवटचा तुकडा विचारल्याशिवाय उचलायचा नाही. हे नियम वाचताना मला माझी आजी आठवली. ती फक्त घोड्याबद्दल काही म्हणत नसे.

जेवण : घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, खारवलेलं डुकराचं मांस, आणि आंबवलेल्या पिठाचे मऊ पाव, ज्यांना ते बिस्किटं म्हणायचे. समोर अडीच हजार जनावरं उभी असली तरी ती मालकाची. कॉफी आर्बकल कंपनीची, पिट्सबर्गहून यायची, आणि तिच्या प्रत्येक पुडीत पेपरमिंटची एक गोळीकांडी असे. महाराज हाक मारायचे, पेपरमिंट कोणाला हवंय? मग ज्याला हवं त्याने कॉफी दळून द्यायची. वाघासारखी माणसं त्या कांडीसाठी हातदळणीवर तुटून पडत. कामगारांना नाश्त्यात गोड द्यावं, काम मागावं लागत नाही, हे व्यवस्थापनशास्त्र तिथे तेव्हाच होतं.

आणि झोपण्याआधी एक काम महाराजांचं. गाडीची धुरा ध्रुवताऱ्याच्या दिशेने वळवून ठेवायची. सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कुठे आहे, ते धुरा सांगते.

धडा दहावा : पगार

महिना तीस-चाळीस डॉलर. मुक्कामाला पोचल्यावर एकदम मिळत आणि आंघोळ, दाढी, नवे कपडे, दारू या क्रमाने एक-दोन दिवसांत संपत. क्रम कधी उलटाही असे.

१८८३च्या वसंतात टेक्ससच्या उत्तर टोकाला काउबॉयनी संप केला. मागणी महिना पन्नास डॉलरची. तोवर ती कुरणं पूर्वेच्या आणि परदेशी भांडवलदारांच्या कंपन्यांकडे चालली होती. मालकांनी नवी माणसं आणली आणि संप मोडला. १९३६मध्ये बॉस्टनच्या रोडिओत पुन्हा संप झाला, या वेळी कसरतपटूंचा. बक्षिसाची रक्कम वाढवून हवी होती. ती मिळाली. त्यांनी संघटना काढली आणि नाव ठेवलं कासव संघ, कारण एकत्र यायला फार उशीर लावला, पण अखेर मान बाहेर काढली. पिस्तूल रोखलेले काउबॉय मी शेकड्यांनी पाहिले आहेत. मागण्यांचं पत्रक हातात घेतलेला एकही सिनेमात पाहिलेला नाही.

धडा अकरावा : डाग वाचणे

थोडंसं कोडं. गुरांच्या अंगावर मालकाची खूण डागलेली असते आणि ती डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतात. अक्षर आडवं पाडलं असेल तर ते ‘आळशी’. अक्षराला पंख असतील तर ‘उडतं’. खाली कमान असेल तर ‘झुलतं’. आपल्या लिपीत करून पाहा : आडवा ग म्हणजे आळशी ग, कमानीवरचा म म्हणजे झुलता म. सॅम्युएल मॅव्हरिक नावाच्या टेक्ससच्या वकिलाने आपली गुरं डागलीच नाहीत, तेव्हा बेवारशी, बिनडागी जनावराला लोक मॅव्हरिक म्हणू लागले. आता स्वतंत्र बाण्याच्या कंपनीप्रमुखाला म्हणतात. ते खुशीने मिरवतात. अर्थ कोणी सांगितलेला नसावा.

टोपी शाखा

अकरा धडे झाले. पाठीमागची बाकं रिकामी झालेली दिसताहेत. ठीक. मंडळी टोपी शाखेच्या खोलीत बसली आहेत.

या शाखेत गुरांची गरज नाही. १८८३ साली, टेक्ससमध्ये संप मोडत होता त्याच वर्षी, बफेलो बिल कोडीने आपला फिरता खेळ सुरू केला आणि चार वर्षांत व्हिक्टोरिया राणीला लंडनमध्ये दाखवला. १९०२मध्ये ओवेन विस्टर यांनी ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी लिहिली. सगळे मितभाषी नायक तिच्या पोटी जन्मले. विस्टर हार्वर्डचे पदवीधर, पेशाने वकील, गाव फिलाडेल्फिया. (आठवलं?) कादंबरीत गाई शोधाव्या लागतात. पुढच्याच वर्षी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सिनेमा आला. तो पश्चिमेतला, पण चित्रीकरण बरंचसं न्यू जर्सीत. त्यातला एक नट पडद्यावरचा पहिला काउबॉय तारा झाला, ब्रॉन्को बिली. खरं नाव मॅक्स ॲरन्सन.

नाव बदलणं हा या शाखेचा पहिला संस्कार आहे. जॉन वेन यांचं पाळण्यातलं नाव मॅरियन मॉरिसन. रॉय रॉजर्स म्हणजे सिनसिनाटीचे लेनर्ड स्लाय. चमचमते खडे लावलेले काउबॉय-सूट शिवून साऱ्या गायकांना नटवणारे शिंपी नूडी कोन हे कीव्हमध्ये जन्मलेले. जर्मन मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ‘वाइल्ड वेस्ट’ शिकवणारे कार्ल माय अमेरिकेला गेले १९०८मध्ये, पुस्तकं गाजून झाल्यावर, आणि तेव्हाही पश्चिमेपर्यंत पोचले नाहीत. १९६४मध्ये इटलीच्या सर्जिओ लिओनेनी जपानच्या कुरोसावांची गोष्ट घेतली, स्पेनच्या आल्मेरियात चित्रीकरण केलं आणि क्लिंट ईस्टवूडला त्यात उभं केलं. तिथून ती धूळ उडत उडत बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांवर आली आणि १९७५मध्ये ‘शोले’ झाला. घोडे आले, डेनिम आलं, आगगाडीवरचा हल्ला आला. गुरं कोणाकडे होती, हे ठाकूरांनी कधी सांगितलं नाही.

मार्लबोरोचं तुम्हाला ठाऊक असेल. ती आधी बायकांसाठी नाजूक म्हणून विकायची सिगारेट होती. १९५०च्या दशकात शिकागोच्या एका जाहिरात कंपनीने तिच्या हाती काउबॉय दिला आणि ती पुरुषी झाली. त्या जाहिरातींतले काहीजण पुढे धूम्रपानाच्या आजारांनी गेले.

ह्यूस्टनला दर वसंतात रोडिओ भरतो, १९३२पासून. त्याच्या आदल्या दिवसांत घोडेस्वारांचे जथे गावोगावहून शहरात येतात आणि एका शुक्रवारी आख्खं शहर कामावर बूट-टोपी घालून जातं. भाचाही जातो. सॉफ्टवेअरच्या बैठकीत, टोपीसकट, संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या तालमीला तसाच. त्याच्याकडून कळलेली तांत्रिक बाब : बैलावर आठ सेकंद टिकायचं, एकाच हाताने धरून, आणि शंभरातले पन्नास गुण बैलाला. बैल मवाळ निघाला तर तुमचे गुण जातात. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीतही नाव बैलाचंच होतं, पण मार्कलिस्ट वेगळी निघत नाही.

प्रात्यक्षिक

जे अजूनही गुरं शाखेत आहेत त्यांच्यासाठी.

व्हिसा. आपल्या मंडळींना पाठ आहे तो एच-वन-बी. रानात जनावरं राखायला लागतो तो एच-टू-ए. त्यावर वायोमिंग-युटाहच्या डोंगरांत मेंढरांमागे पेरूचे लोक महिनोन्‌महिने एकटे राहतात. त्यांच्या टोप्या साध्या असतात.

काम. बहुतेक दिवस पिकअप ट्रक आणि कुंपण. सुटलेली तार ताणायची, खिळा मारायचा, पुढच्या खांबाकडे जायचं. लशी टोचायच्या, कानात बिल्ले मारायचे, पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडायचा. हजारो जनावरं दाटीने चरायला ठेवलेल्या वाड्यांतून मात्र अजून घोड्यावरून फिरतात. मान टाकलेलं, मागे राहिलेलं जनावर घोड्यावरून लवकर दिसतं.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी, नेब्रास्कात, रात्री दोन वाजता. विण्याचा हंगाम आहे. पहिलारू गाई वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि दर काही तासांनी कोणीतरी उठून बॅटरी घेऊन बघून यायचं असतं. आज तुमची पाळी. एक कोपऱ्यात आडवी पडली आहे, कळा देते आहे आणि वासराचा एकच पाय बाहेर दिसतो आहे. दुसरा आत दुमडला आहे. पशुवैद्य पन्नास मैलांवर. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवा. गुडघ्यावर बसा. हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत राहा, तिला बरं वाटतं. आणि टोपी आधी खुंटीला अडकवा, ती मधे येते.